नियमबाह्य स्थिती समोर आली तर बुद्धिबळाच्या इंजिनाने काय करावे?

कोरा पट
गेली दोन वर्षे मी फावल्या वेळात बुद्धिबळाचे एक छोटे इंजिन, म्हणजे दिलेल्या स्थितीत उत्तम चाल शोधणारा प्रोग्राम, लिहीत आहे. मागच्या महिन्यात ते एका शिकवणीवर्गातल्या मुलांना वापरायला दिले आणि पहिल्याच दुपारी ते बंद पडले. एका मुलीने मांडलेल्या स्थितीत काळ्या राजाला शह होता, पण चाल पांढऱ्याची होती. इंजिनाने पांढऱ्या हत्तीने राजालाच मारण्याची चाल काढली आणि ती आपल्या अंतर्गत पटावर खेळून पाहिली. मग काळा राजा कोणत्या घरात आहे हे ते शोधू लागले, आणि राजा कुठेच नसल्यामुळे स्मृतीतल्या भलत्याच जागेवर जाऊन कोसळले. आपल्या हातून संगणक बिघडला असे त्या मुलीला वाटले. तिची समजूत घालताना माझ्या ध्यानात आले की या बाजूचा विचार मी कधी केलाच नव्हता.

फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या नियमावलीत कलम ३.१०.३ मध्ये व्याख्या स्वच्छ आहे: नियमाला धरून केलेल्या चालींच्या कोणत्याही क्रमाने जी स्थिती पटावर येऊ शकत नाही, ती नियमबाह्य. अशी स्थिती दिली गेली तर इंजिनाने ती नाकारावी, आपल्या मनाने दुरुस्त करावी, की जशी आहे तशी स्वीकारून तिचे विश्लेषण करावे? माझे मत असे की व्याख्या उपलब्ध असताना वेगळा विचार करण्याचे कारण नाही आणि नियमबाह्य ते सर्व नाकारावे. ज्यांनी इंजिने लिहिली आहेत, शिकवले आहे किंवा पंचगिरी केली आहे, त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

वाळूचे घड्याळ
हे काम इंजिनाचे नाही, असे मानणारी जुनी आणि भक्कम परंपरा आहे. स्टॉकफिश या प्रसिद्ध इंजिनाच्या मूळ संहितेत, जिथे फेनवरून (स्थिती एका ओळीत लिहिण्याच्या पद्धतीवरून) पट मांडला जातो तिथे, स्पष्ट टीप आहे की हा भाग फारसा कणखर नाही आणि दिलेली स्थिती योग्य असल्याची जबाबदारी पट दाखवणाऱ्या प्रोग्रामची आहे. पटावर मोहरे ओढून मांडणारा माणूस त्या प्रोग्रामशी बोलत असतो, इंजिनाशी नाही. म्हणून चूक तिथेच दाखवली जावी, हा विचार मला पटतो.

शिवाय इंजिनाने नाकारायचे ठरवले तरी ते सांगायचे कसे? रुडॉल्फ हुबर आणि स्टेफान मायर-कालेन यांनी २००० साली यूसीआय हा इंजिन आणि पट दाखवणारा प्रोग्राम यांच्यातल्या संवादाचा संकेत प्रसिद्ध केला, आणि आज बहुतेक इंजिने त्यातच बोलतात. ‘ही स्थिती मला मान्य नाही’ असे सांगणारा शब्दच त्या संकेतात नाही. फार तर माहितीची एक ओळ छापता येते, आणि ती कोणी वाचेलच असे नाही.

मागचे पाऊल
मी प्रतिगामी विश्लेषणाची कोडी रचतो, म्हणजे स्थिती पाहून ती कशी आली असेल हे मागे मागे जाऊन शोधण्याची कोडी. त्या अनुभवावरून सांगतो की ‘नियमबाह्य ते सर्व नाकारावे’ हा निर्णय घेणे सोपे असले तरी तो अमलात आणणे अशक्य आहे.

काही सोपी उदाहरणे देतो. पांढरा उंट ए१ या कोपऱ्यात आहे आणि पांढरे प्यादे बी२ वर आहे. त्या कोपऱ्यात जाणारी एकच तिरपी वाट आहे आणि बी२ वरचे प्यादे जन्मापासून ती अडवून बसले आहे. त्यामुळे बढतीने, म्हणजे प्यादे शेवटच्या ओळीत नेऊन, नवा उंट आणला तरी तो तिथे पोहोचणार नाही. दुसरे उदाहरण म्हणजे ए२, बी२ आणि ए३ या तिन्ही घरांत पांढरी प्यादी असणे. ए३ वर येणारे प्यादे ए२ किंवा बी२ वरूनच येऊ शकते आणि ती दोन्ही अजून जागची हललेली नाहीत. तिसरे उदाहरण एकाच राजाला एकाच वेळी दोन घोड्यांनी शह देण्याचे आहे. घोड्याचा शह दुसरा मोहरा बाजूला होऊन उघडत नाही, त्यामुळे या दोघांपैकी एकाचा शह आधीपासून असायला हवा, आणि ते शक्य नाही.

ही तीन उदाहरणे तपासणारा प्रोग्राम आपण लिहू शकाल. परंतु खरी अडचण त्यापुढची आहे. कुठल्या प्याद्याने किती मोहरे मारले, त्यासाठी समोरच्याचे तितके मोहरे कमी आहेत का, बढती कुठे झाली, हा सगळा हिशेब जुळल्यावरही स्थिती अशक्य ठरू शकते आणि ते सिद्ध करायला माणसाला कित्येक दिवस लागतात. पट कितीही मोठा असू शकतो असे धरले तर मागे जाऊन शोध घेण्याचा हा प्रश्न गणनेच्या दृष्टीने अत्यंत कठीण वर्गात मोडतो, हे २०२० मध्ये सिद्ध झाले आहे. जॉन ट्रॉम्प यांनी नियमात बसणाऱ्या स्थितींची संख्या सुमारे ४.८ गुणिले १० चा ४४ वा घात इतकी अंदाजली आहे. त्यासाठी त्यांनी ढोबळ गाळणी लावून सुमारे ८.७ गुणिले १० चा ४५ वा घात इतक्या मांडण्यांचा संच घेतला आणि त्यातून नमुने काढून तपासले. म्हणजे गाळणीतून सुटलेल्या मांडण्यांपैकीही शंभरात पाच-सहाच खऱ्या अर्थाने गाठता येतात. आपले इंजिन चालण्यापूर्वी हे सगळे तपासणार आहे का?

डोंबिवलीकर
ए१ वरच्या उंटाचे उदाहरण चेस९६० मध्ये, म्हणजे मागच्या ओळीतले मोहरे बदलत्या क्रमाने मांडण्याच्या प्रकारात, चुकीचे ठरते. तिथल्या ९६० आरंभस्थितींपैकी कित्येकींत उंट कोपऱ्यातच उभा असतो.

मागचे पाऊल
डोंबिवलीकर, आपले म्हणणे बरोबर आहे आणि ही मर्यादा मी सांगायला हवी होती. नियमबाह्य म्हणजे ‘अमुक आरंभस्थितीपासून गाठता न येणारी’ असाच अर्थ आहे. आरंभ बदलला की निकाल बदलतो, पण पटावरचे मोहरे तेच राहतात. माझ्या मुद्द्याला यामुळे बळच मिळते.

सातारचा पंच
कोरा पट यांनी व्याख्येचा आधार घेतला आहे, म्हणून त्याच नियमावलीतली दुसरी बाजू मांडतो. मी जिल्हा पातळीवर जलद आणि अतिजलद स्पर्धांत पंच म्हणून काम करतो. नियमबाह्य स्थिती खऱ्या डावात येत नाही, असे गृहीत धरून वरची चर्चा चालली आहे असे मला वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे.

जिथे प्रत्येक डावावर पंचाची पुरेशी देखरेख नसते, अशा जलद आणि अतिजलद डावांत एखाद्याने नियमबाह्य चाल केली, पंचाने ती पाहिली नाही आणि प्रतिस्पर्ध्याने हरकत न घेता आपली पुढची चाल केली, तर ती चूक खेळाडूंच्या परस्पर संमतीशिवाय दुरुस्त करता येत नाही. डाव तसाच पुढे चालतो. घाईत उंट एका तिरप्या रेषेवरून शेजारच्या रेषेवर सरकतो आणि एकाच खेळाडूचे दोन्ही उंट काळ्या घरांत येतात, तेही आठही प्यादी पटावर असताना. हे मी स्वतः पाहिले आहे. ती स्थिती कलम ३.१०.३ प्रमाणे नियमबाह्यच आहे, पण त्या डावाचा निकाल लागतो, गुण दिले जातात आणि मानांकनही बदलते. रात्री तो खेळाडू डावाचे विश्लेषण करायला बसला आणि इंजिनाने ‘अशी स्थिती अस्तित्वात नाही’ असे सांगितले, तर इंजिन खोटे बोलत आहे.

नियमावलीने स्वतःही फरक केलेला आहे. दोन्ही राजांना शह आहे किंवा प्यादे शेवटच्या ओळीत प्यादे म्हणूनच उभे आहे, असे अशा डावात पंचाला दिसले, तर त्याने पुढची चाल पूर्ण होईपर्यंत थांबायचे असते आणि तरीही नियमबाह्य स्थिती पटावर राहिली तर डाव बरोबरीत सुटल्याचे जाहीर करायचे असते. दोन उंट एकाच रंगाच्या घरांत असल्याबद्दल मात्र अशी तरतूद नाही. कारण उघड आहे. पहिल्या प्रकारात पुढे खेळायचे कसे हेच कळत नाही, दुसऱ्या प्रकारात खेळ पुढे व्यवस्थित चालू शकतो.

कोरा पट
पंचसाहेब, हा प्रतिसाद वाचून मी माझ्या मूळ मताचा फेरविचार करत आहे. ‘इथपर्यंत कसे आलो’ आणि ‘इथून पुढे कसे जायचे’ हे दोन वेगळे प्रश्न मी एकत्र केले होते. इंजिन फक्त दुसऱ्याचे उत्तर देते.

वैजयंती
मी लहान मुलांना शिकवते. सुरुवातीचे काही आठवडे आम्ही पटावर फक्त प्यादीच ठेवतो आणि ज्याचे प्यादे आधी शेवटच्या ओळीत पोहोचेल तो जिंकतो. राजे नसतातच. मुलांना घरी सराव करता यावा म्हणून ही मांडणी एका प्रोग्राममध्ये भरली तर राजा नसल्याचे सांगून तो अडला. ते मला मान्य आहे, कारण त्याने निदान सांगितले.

मला जास्त त्रास झाला तो न सांगता केलेल्या दुरुस्तीचा. एका विद्यार्थ्याने पुस्तकातली स्थिती भरताना पांढरा हत्ती एच१ ऐवजी जी१ वर ठेवला. फेनमध्ये राजाच्या बाजूच्या कॅसलिंगचा (राजा आणि हत्ती आधी हलले नसतील तरच मिळणाऱ्या त्या दोघांच्या एकत्र चालीचा) हक्क लिहिलेला होता, पण हत्ती जागेवर नव्हता. प्रोग्रामने तो हक्क काढून टाकला आणि विश्लेषण सुरू केले. अर्धा तास आम्ही पुस्तकातले उत्तर चुकीचे आहे असे समजून वाद घातला. पुस्तकातली मुख्य चाल कॅसलिंगचीच होती. ‘हक्क आहे पण हत्ती नाही’ अशी एक ओळ जरी समोर आली असती तरी त्या मुलाने आपली चूक स्वतः शोधली असती. दुरुस्ती करणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ती न सांगता झाली की शिकणाऱ्याचे नुकसान होते.

वाळूचे घड्याळ
वैजयंतीताईंच्या प्यादेखेळाबद्दल: राजाशिवायचे प्रकार खेळणारी वेगळी इंजिने आहेत. ‘होर्ड’ या प्रकारात पांढऱ्याकडे ३६ प्यादी असतात आणि राजा नसतो, आणि फेअरी-स्टॉकफिश तो खेळू शकते. नेहमीच्या इंजिनाला मात्र ते जमणार नाही, आणि यात हट्टाचा भाग नाही. २०२० मधल्या स्टॉकफिश १२ पासून मूल्यमापनाला जे न्यूरल नेटवर्क आले, त्यात प्रत्येक मोहऱ्याची नोंद राजाच्या घराच्या संदर्भात होते. राजा नसेल तर नोंद कशाच्या संदर्भात करायची?

यातून तिसरा वर्ग समोर येतो, ज्याचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. नेनाद पेत्रोविच यांनी १९६४ मध्ये रचलेल्या प्रसिद्ध स्थितीत पांढऱ्याला २१८ चाली उपलब्ध आहेत. तो आकडा डोळ्यासमोर ठेवून अनेक इंजिने चालींच्या यादीसाठी २५६ जागा राखतात. कोणी गंमत म्हणून पटावर वीस-पंचवीस वजीर मांडले तर चालींची संख्या त्यापलीकडे जाऊ शकते आणि यादी शेजारच्या स्मृतीत सांडते. खेळाच्या नियमांना त्या स्थितीत काही अडचण नाही, प्रत्येक वजिराची चाल ठरलेली आहे. तिथे अडते इंजिनाच्या क्षमतेपाशी. अशा वेळी ‘स्थिती नियमबाह्य आहे’ असे न सांगता ‘एवढे मोहरे मला झेपणार नाहीत’ असे सांगणे प्रामाणिकपणाचे आहे.

पहिल्या प्रतिसादातले माझे मत मी थोडे बदलतो. मोहरे मोजणे, राजे पाहणे, चाल नसलेल्या बाजूला शह आहे का ते पाहणे, हे सारे स्थिती मिळताना एकदाच करायचे असते. शोध सुरू झाल्यावर वेग कमी होण्याचा प्रश्न येत नाही. त्यामुळे वेगाचे कारण पुढे करून ही तपासणी टाळता येणार नाही.

आजोबांचा डाव
विषयाला धरूनच एक आठवण सांगतो. आमच्या घरी आजोबा देशी पद्धतीने खेळत. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके, शेवटच्या ओळीत पोहोचलेले प्यादे त्या घराचा मोहरा होई, आणि शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची चाल मिळे. आता असा पट पाहा: आठही पांढरी प्यादी दुसऱ्या ओळीत जागेवर आहेत आणि पांढरा राजा एफ३ वर उभा आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत ही स्थिती अशक्य आहे, कारण राजा प्याद्यांच्या भिंतीतून बाहेर येऊच शकत नाही. आजोबांच्या पटावर ती पहिल्याच चालीला येऊ शकत होती.

त्यांच्या वहीत नोंदवलेले काही डाव मी संगणकावर उतरवत आहे. इंजिनाला देशी नियम माहीत नाहीत, पण मधली एखादी स्थिती दिली की दोन्ही नियमांत समान असलेल्या चालींपुरते ते मला बरेच काही सांगते. इंजिनाने भूतकाळाची चौकशी करून मला परत पाठवले असते तर या वहीचा अर्धा आनंद गेला असता.

मागचे पाऊल
आजोबांचा डाव यांची वही वाचायला मिळाली तर मला फार आनंद होईल. त्यासाठी वेगळा धागा काढावा ही विनंती.

मूळ प्रश्नाकडे येतो. ‘इंजिनाला भूतकाळाशी देणेघेणे नाही’ हे वाक्य इथे आता जवळजवळ सर्वमान्य झाले आहे, आणि ते पूर्ण खरे नाही. भूतकाळाचे दोन तुकडे इंजिन स्वतःसोबत नेते: कॅसलिंगचा हक्क आणि आँ पासाँचे घर, म्हणजे दोन घरे पुढे आलेल्या प्याद्याने ओलांडलेले घर, जिथे शत्रूचे प्यादे त्याला लगेचच्या चालीत मारू शकते. समजा काळ्याकडे फक्त ई८ वर राजा, एच८ वर हत्ती आणि ए७ वर न हललेले प्यादे आहे, आणि चाल पांढऱ्याची आहे. म्हणजे शेवटची चाल काळ्याने केली, आणि ती राजाने किंवा हत्तीनेच केली असणार. कॅसलिंगचा हक्क गेलेला आहे, हे पटावरूनच सिद्ध होते. तरीही फेनमध्ये तो हक्क लिहिला तर जवळजवळ कोणतेही इंजिन काळ्याला कॅसलिंग करू देईल. कोड्यांच्या जगात संकेत असा आहे की अशक्य असल्याचे सिद्ध होईपर्यंत कॅसलिंग करता येते, आणि आँ पासाँ मात्र शेवटची चाल प्याद्याच्या दुहेरी पावलाचीच होती हे सिद्ध झाल्यावरच करता येते. फेनने हा प्रश्न लिहिणाऱ्याच्या शब्दावर सोडला आहे.

माझी मागणी नकाराची नाही. वापरणाऱ्याने जे लिहिले ते पटाशी उघडपणे विसंगत असेल तर इंजिनाने ते बोलून दाखवावे, एवढेच मागतो.

डोंबिवलीकर
आँ पासाँच्या बाबतीत थोडी न सांगता केलेली दुरुस्ती आवश्यकच आहे, इथे माझे वैजयंतीताईंशी मतभेद आहेत. फेनच्या मूळ मानकानुसार प्यादे दोन घरे पुढे गेले की मागचे घर प्रत्येक वेळी लिहायचे असते, मारणारे प्यादे शेजारी असो वा नसो. इंजिनाने ते घर तसेच जपले तर एकच स्थिती दोन वेगळ्या स्थिती म्हणून मोजली जाते आणि तीनदा पुनरावृत्ती झाल्याचे त्याला कळत नाही. म्हणून मारण्याची शक्यता नसेल तर चांगली इंजिने ते घर गाळतात. त्याबद्दल दर वेळी संदेश दिला तर पडदा संदेशांनीच भरून जाईल.

वैजयंती
डोंबिवलीकर, आपण सांगता ते गाळणे मला मान्य आहे, कारण त्याने स्थितीचा अर्थ बदलत नाही. मी म्हणते ते त्या वेळेबद्दल, जेव्हा आँ पासाँचे घर लिहिले आहे पण त्याच्या पुढे प्यादेच नाही, किंवा पन्नास चालींच्या नियमासाठीचा आकडा (प्यादे न हलता आणि काही न मारता झालेल्या चालींचा) शून्य नाही. प्यादे नुकतेच हलले असेल तर तो आकडा शून्यच असायला हवा. इथे लिहिणाऱ्याची काहीतरी चूक झाली आहे आणि कोणती, हे इंजिनाला ठरवता येत नाही.

कोरा पट
सर्वांच्या प्रतिसादांनंतर मी बदल करायला घेतले आहेत. राजा एकेकच आहे का, पहिल्या किंवा आठव्या ओळीत प्यादे आहे का, ज्याची चाल नाही त्याच्या राजाला शह आहे का, एवढे पाहून यापैकी काही बिघडले असेल तर इंजिन नकार देते आणि कारण सांगते. मोहरे माझ्या मर्यादेपेक्षा जास्त असतील तर तो नकार वेगळ्या शब्दांत येतो. अशक्य प्यादी, एकाच रंगाच्या घरांतले दोन उंट, दोन घोड्यांचा शह, भिंतीबाहेरचा राजा, हे सारे इंजिन काही न विचारता स्वीकारते. कॅसलिंगचा हक्क आणि आँ पासाँचे घर पटाशी जुळत नसतील तर ते काढून विश्लेषण होते, पण आधी एक ओळ छापली जाते.

एक गोष्ट अजून अडली आहे. नकार दिल्यावरही पट दाखवणारा प्रोग्राम ‘शोध सुरू कर’ असे सांगतोच. तेव्हा काय करावे?

वाळूचे घड्याळ
सर्वांत वाईट पर्याय म्हणजे आधीची स्थिती तशीच धरून तिची चाल सांगणे, कारण पडद्यावर एक पट आणि उत्तर दुसऱ्याच पटाचे असे होते. याचेच धाकटे भावंड म्हणजे चालींच्या यादीत न जुळणारी चाल आली की तिथेच वाचन थांबवून, काही न बोलता, तिथपर्यंतच्या स्थितीचा शोध घेणे. अनेक इंजिने असे करतात. तुमच्या इंजिनात ते असेल तर तेही बदला.

यूसीआयच्या आधीच्या एक्सबोर्ड संकेतात टिम मान यांनी याचा विचार केलेला होता. वापरणारा रिकामा पट किंवा ६४ पांढऱ्या राजांचा पटही पाठवू शकतो, हे त्यांनी तिथे लिहून ठेवले आहे. अशा वेळी इंजिनाने ‘स्थिती नियमबाह्य’ असा संदेश पाठवावा आणि नवी स्थिती येईपर्यंत प्रत्येक चालीला ‘चाल नियमबाह्य’ असेच उत्तर द्यावे, अशी त्यांची सूचना आहे. यूसीआयमध्ये तिच्या सर्वांत जवळ जाणारे म्हणजे माहितीची ओळ छापून चार शून्यांची रिकामी चाल परत करणे.

कोरा पट
तसेच करतो. त्या मुलीची स्थिती आज पुन्हा भरून पाहिली. आता इंजिन सांगते: ‘काळ्या राजाला शह आहे आणि चाल पांढऱ्याची आहे. पाळी तपासा.’

सातारचा पंच
संदेश चांगला आहे, परंतु दोन्ही राजांना शह असेल तर तो दिशाभूल करील. पाळी बदलली तरी स्थिती तशीच नियमबाह्य राहील, आणि मुले पाळी उलटसुलट करत बसतील.

कोरा पट
मान्य आहे. त्या स्थितीसाठी वेगळा संदेश आज रात्रीच घालतो: ‘दोन्ही राजांना शह आहे. मोहऱ्यांच्या जागा तपासा.’